हरलो की कडू, जिंकलो की लाल

जो कमी बोलतो त्याच्याकडे किस्से जास्त साचतात. बोलणारा बोलून मोकळा होतो. मी नववीत शाळा सोडली, तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटते. त्यामुळे आमच्या बेसबॉल टीमचे सगळे किस्से माझ्याकडेच पडून आहेत. हो, बेसबॉल! आणि तोही कर्जतमध्ये! यातल्या एकाही किश्शात कुणाचा कुणावर विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

*

लोधिवलीजवळ एका शेडमध्ये राजनसर बियर बनवतात. सर बरीच वर्षं अमेरिकेत होते. शेडला ते ब्रुअरी म्हणतात, आम्ही भट्टी म्हणतो, मग ते रागावतात. मी तिथे टाक्या धुतो. गेटवर माझा मामा वॉचमन आहे, त्यानेच मला चिकटवलं.

आईने आजपर्यंत बियर हा शब्द उच्चारलेला नाही. आमच्या दहिवलीत कुणी विचारलं की ती सांगते, "दत्ता बार्लीच्या कंपनीत हाय."

एकदा शेजारच्या काकू घरी आल्या. "दत्ता, आमच्या यांना मुतखडा हाय रं. डॉक्टर बोलले बार्लीचं पाणी द्या. तुमच्या कंपनीचं आण की एक बाटली."

मी आईकडे बघितलं. आई शांतपणे म्हणाली, "त्यांचं पाणी लय कडक असतंय. तुमी बाजारातलंच घ्या."

*

अमेरिकेहून सरांनी बेसबॉलचं वेडही आणलं. दहिवलीतली टेनिस क्रिकेट खेळणारी पोरं त्यांनी गोळा केली. भात कापून झालं की मोकळ्या शेतात मैदान, टेंपोचा टायर कापून त्याचे बेस. टेंपो चालवणारा नितीनदादा कॅप्टन आणि पिचर झाला, म्हणजे बॉल टाकणारा. मी त्याच्या समोर बसून बॉल पकडणारा कॅचर. सगळे मला किपरच म्हणतात.

पहिल्याच मॅचला आमच्यातल्या बाळूने बॉल लांब मारला आणि बॅट हातात घट्ट धरून पळत सुटला. "बॅट टाक! बॅट टाक!" सर ओरडत होते. बाळूने बेसच्या अलीकडूनच झेप घेतली आणि बॅटचं टोक बेसला टेकवलं. अंपायरने आउट दिला.

"टेकलीय की बॅट! दिसत नाय काय?" बाळू अंपायरच्या अंगावर गेला.

सरांनी नियम समजावला. बेसला खेळाडूने टेकायचं असतं, बॅटने नाही. बाळूने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या कानात म्हणाला, "हा नियम मी आउट झाल्यावर आला, ध्यानात ठेव."

त्या दिवसापासून त्याचं नाव सीआयडी बाळू.

*

सरांची एक पद्धत आहे. रविवारी सकाळी मॅच, संध्याकाळी शेडच्या अंगणात बियर, आणि बियर कोणती ते आमच्या खेळावर! हरलो की कडू. जिंकलो की कोकम घातलेली लाल. सर छोटंसं भाषणही करतात. "आजचा खेळ आणि ही बियर यांची जोडी बघा. सुरुवात हलकी, मागे जिभेवर पश्चात्ताप." कळंबच्या रिसॉर्टमधून आलेले पाहुणे टाळ्या वाजवतात. आम्ही पश्चात्ताप पितो. म्हणजे बाकीचे पितात. मी पीत नाही, जग भरतो.

सगळं छान चाललं होतं. एके दिवशी बाळूने सहज विचारलं, "किपर, एक बियर बनायला किती दिवस लागतात रं?"

"तीन आठवडे," मी म्हणालो.

बाळूचा ग्लास तोंडाजवळच थांबला. "मॅच आज झाली. हरलो आज. आणि कडू बियर तीन आठवड्यांपूर्वी टाकली?"



मी घाईघाईने सांगितलं की टाक्या दोन आहेत. एकीत कडू, एकीत लाल. दोन्ही कायम भरलेल्या असतात, लागेल ती उघडायची.

बाळूने सगळ्यांकडे बघत मान डोलावली. "दोन टाक्या! म्हंजे सर दोनी बाजूंना मिळालेत!"

*

मग संशय माझ्यावर आला. भट्टीत कामाला मी, मॅचमध्ये बॉल पकडणारा पण मी.

बेसबॉलमध्ये कॅचर बोटांनी पिचरला खूण करतो. एक बोट म्हणजे सरळ टाक, दोन बोटं म्हणजे वळणारा टाक. समोरच्यांना दिसू नये म्हणून हात मांड्यांच्या मध्ये धरायचा असतो. बाळूला पहिल्या बेसवरून ते दिसलं.

"दोन बोटं कुणाला दाखवत व्हतास? सर समोरच बसलेले!"

"अरे, दादाला. ती खूण असते."

"मग लपवून कशाला? चांगलं काम माणूस उघड्यावर करतो!"

नितीनदादा वैतागला. "किपर, वाद नको. उद्यापासून तोंडानं सांग."

पुढच्या मॅचला मी सगळं बळ एकवटून ओरडलो, "दादा, वळणारा टाक!"

बॉल वळला आणि थेट बांधापलीकडे गेला. पनवेलचा बॅट्समन माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "थँक्यू, भाऊ."

*

बाळूचा संशय माणसांपुरता नव्हता. बियरसाठी बार्लीचं पाणी गाळलं की चोथा उरतो, तो बाळू म्हशीला घालायला घेऊन जायचा. एकदा तो तावातावाने सरांकडे आला. "सर, म्हशीला चढतंय!"

सरांनी समजावलं की चोथ्यात दारू नसते, ती नंतर तयार होते.

"मग ती मला बघून हसली का?"

सर म्हणाले, "बाळू, ते म्हशीलाच विचार."

*

आता शेवटचा.

खोपोलीच्या टीमबरोबर मॅच होती. त्यांना आम्ही कधीच हरवलं नव्हतं. त्याच आठवड्यात लाल टाकीचं कूलिंग बिघडलं आणि सगळी बियर आंबली. सरांनी ती ओतून द्यायला लावली. शनिवारी मी टाकीत डोकं घालून ती घासत होतो, आणि नेमका बाळू चोथा न्यायला आला.

त्याने रिकामी टाकी बघितली. मग भरलेली बघितली. "ही कडू ना?"

मी मान डोलावली.

संध्याकाळी सगळे आमच्या दारात. बाळू म्हणाला, "उद्या फकस्त कडूच हाय. म्हंजे हारायचं ठरलंय!"

नितीनदादा पुढे आला. त्यानेच मला ग्लोव्ह घालायला शिकवलं होतं. "दत्ता," तो म्हणाला. किपर नाही म्हणाला. "उद्या हारलो तर ग्लोव्ह देऊन टाक. परत मैदानावर येऊ नको."

मला बोलायचं होतं. टाकी बिघडली, एवढंच सांगायचं होतं. मी नुसताच दाराची कडी चाळवत राहिलो. दारामागे आई उभी होती. तिने सगळं ऐकलं. मी जेवलो नाही.

सकाळी मॅचला जाण्याआधी मी शेडमध्ये जाऊन स्टीलचे जग धुतले आणि ओळीने मांडून वर फडकं टाकलं.

मॅच शेवटपर्यंत अटीतटीची झाली. आमचा एक रन जास्त होता आणि त्यांचा माणूस माझ्या पुढ्यातल्या शेवटच्या बेसकडे धावत सुटला. बाळूने बॉल फेकला. मी बॉल पकडला, तो माणूस माझ्यावर आदळला, दोघंही मातीत लोळलो. धूळ खाली बसली तेव्हा बॉल ग्लोव्हमध्येच होता.

जिंकलो! नितीनदादाने मला खांद्यावर घेतलं. मी त्याचे केस धरून बसलो होतो.

संध्याकाळी सरांचा चेहरा पडलेला. "मंडळी, आज जोडी जमणार नाही. माझ्याकडे कडूच आहे." त्यांनी फडक्याखालचा एक जग नळाखाली भरला आणि नितीनदादाच्या ग्लासात ओतला.

लाल!

वर गुलाबी फेस. दुसरा जग, तोही लाल. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे. सरांनी घोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा भाषण विसरले.

बाळूने ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला, डोळे बारीक केले.

"म्हंजे," तो म्हणाला, "जिंकायचं पण आदीच ठरलेलं व्हतं!"

सगळे हसून हसून लोळले. गेटवर मामा मात्र हसत नव्हता. तो आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत होता.

घरी आलो. आईने ताट वाढलं. "जिंकलास ना रं?" मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

भाकरी देताना तिची बोटं दिसली. नखांपर्यंत लाल झालेली.

"काय गं हे?"

"आमसुलं भिजत घातली व्हती जेवणाला. गप खा."

ताटात पिठलं होतं.