उघड्या खिडक्यांची गल्ली

बडोद्याच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी काश्मीरमधल्या एका चौकीवर शेगडीपाशी बूट वाळवत बसलो होतो. नोकरीची शेवटची वर्षं घराजवळ मिळावीत अशी सोय फौजेत असते. मी अर्ज केला होता आणि विसरूनही गेलो होतो. क्लार्क फोनवर म्हणाला, "साब, बडोदा. पीस स्टेशन. मिठाई भेजना." मी "ठीक है" म्हणालो आणि दुसरा बूट शेगडीजवळ सरकवला.

बडोदं माझं गाव. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार होते. त्यांनी लढाई पाहिली नाही, दसऱ्याच्या स्वारीत घोड्यावर बसले एवढंच. पण घरात त्यांचा दरारा अजून माझ्याहून जास्त आहे. नंतरच्या पिढ्या कारकून झाल्या, मास्तर झाल्या, एक काका कोयलीच्या रिफायनरीत लागला. फौजेत परत गेलो तो मी. सुभेदार झालो. त्यातली बरीच वर्षं आधी ईशान्येकडे आणि मग काश्मीरमध्ये गेली.

तिथे माझं काम रस्ता उघडायचं. नागरी वाचकांना हे सांगायला हवं, कारण रस्ता उघडावा लागतो हेच त्यांना ठाऊक नसतं, आणि नसावंही. रोज पहाटे रोड ओपनिंग पार्टी, म्हणजे आमची आरओपी, चालत निघते. पुढे कुत्रा, मागे सुरुंग शोधणारं यंत्र, मग आम्ही. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीत वाकून बघायचं. कचऱ्याचा ढीग, टाकलेला डबा, ताजी माती, काही सोडायचं नाही. वाटेत वस्ती लागली की ओरडायचं, "अंदर जाइए, खिड़की बंद!" सगळं तपासून झालं की रेडिओवर सांगायचं, "रोड ओपन." मगच गाड्यांचा काफिला निघतो. संध्याकाळी रस्ता पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

त्या रस्त्यावर माझ्या पार्टीतले तिघे गेले. नाईक दत्तू माने त्यातला शेवटचा. माण तालुक्यातला, काटक, बोलायला तिखट. माझ्या गुजरातीवरून चिडवायचा. "साहेब, तुमच्याकडे आमटीत पण साखर घालतात म्हणे. मग भांडण झालं की काय, पेढे फेकून मारतात?" एका सकाळी तो मोरीत वाकून बघत होता आणि समोरच्या घराच्या वरच्या खिडकीतून गोळी आली. एकच. त्या खिडकीला निळा पडदा होता. मोरी साफ होती. दत्तू गेला, आणि अर्ध्या तासाने आम्ही रस्ता उघडला, कारण काफिला थांबला होता.

त्यानंतर महिन्याभरात मी बडोद्याला, मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये होतो.

खोटं कशाला सांगू, बडोदं बघून मी चक्रावलो. सकाळी दूधवाला अंधारात मोटरसायकलवरून सुसाट येतो आणि मोरीवरून तसाच निघून जातो. बायका स्कूटरवर पुढे पिशवी, मागे पोर घेऊन कचऱ्याच्या ढिगाला खेटून जातात. माणसं पाऊल टाकतात आणि खाली बघत नाहीत. मला हे जादूसारखं वाटायचं. हा रस्ता उघडला कोणी? मी बाजारात निघालो की दर मोरीपाशी माझी चाल आपोआप मंदावायची आणि नजर वरच्या खिडक्यांवर जायची. खालच्या मजल्यावरचे जयेशभाई एकदा म्हणाले, "शिंदेसाहेब, वर काय बघता? फ्लॅट घ्यायचाय का बीजो, दुसरा?"

घरातले पडदे मी लावून ठेवायचो. बायको, सुनंदा, उघडायची. मी पुन्हा लावायचो. एक दिवस ती म्हणाली, "अहो, हे मला फावणार नाही हं. घरात हवा नको का? तुम्ही आलात खरे, पण त्या रस्त्यावरून अजून उतरला नाहीत." ती बोलते कमी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. भाजी आणायला म्हणून बाहेर पडलो आणि जिन्यात उभा राहिलो.

त्याच वर्षी विश्वामित्री नदीला पूर आला. वरच्या धरणाचं पाणी सोडलं, त्यात पाऊस थांबेना. शहराच्या अर्ध्या भागात पाणी शिरलं आणि नागरी प्रशासनाने फौज मागवली. आमची कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघाली. मला मिळालेली सोसायटी आमच्या घरापासून फार लांब नव्हती. मांजलपूरच्या पलीकडे, नदीच्या अंगाला. काम स्पष्ट होतं. एका घरात पहिल्या मजल्यावर नऊ दिवसांची मुलगी होती. सकाळपासून दूध ओढत नव्हती, ओठ काळेनिळे पडू लागले होते. ॲम्ब्युलन्स मुख्य रस्त्यावर, कोरड्या जागी उभी. मुलीचा बाप रिफायनरीतून रात्रपाळी करून येताना अडकलेला, तोही ॲम्ब्युलन्सपाशी. मधे एक लांब गल्ली आणि छातीभर पाणी.

रबरी बोट आत घातली आणि पाण्याखालच्या कुंपणाच्या टोकदार गजांनी ती फाडली. दुसरी बोट शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. कॅप्टनसाहेब रेडिओवर आले. रेडिओवर आमचं नाव चार्ली.

"चार्ली, बोट कब तक? ओव्हर."

"बोट गई, सर. पैदल जाएँगे. ओव्हर."

कॅप्टनसाहेबांनी बजावलं, "रास्ता चेक करके जाना. लोगों ने पानी निकालने के लिए गटर के ढक्कन खोले हैं. और वहाँ मगरमच्छ दिखा है. ओव्हर."

आमच्या नदीत मगरी आहेत हे बडोद्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुलावर थांबून त्या बघायच्या आणि शेंगदाणे खायचे, असं आमचं बालपण. पण पुलावरून बघणं वेगळं आणि मगरीसोबत एका पाण्यात उभं राहणं वेगळं. जाधव, माझा रेडिओ ऑपरेटर, कोल्हापूरकडचा. त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सेट डोक्यावर घेतला.

मी लांब बांबू घेऊन पुढे झालो. हवालदार कांबळेच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण जेसीओने, म्हणजे माझ्या हुद्द्याच्या माणसाने, पुढे चालायचं नसतं. पण गुजराती मला येत होती आणि या शहरातली गटारं कुठे असतात तेही मला माहीत होतं. कांबळे आणि जाधव मागे, माझ्या पावलावर पाऊल. बांबू टेकायचा, दाबायचा, मग पाय. गढूळ पाणी, तळ दिसत नव्हता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. हे काम मला येत होतं.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं. प्रत्येक गॅलरीत माणसं, प्रत्येक खिडकीत डोकी. सगळी आमच्याकडे बघत होती. माझी मान ताठ झाली. विचार करायच्या आधीच तोंडातून आवाज निघाला, पूर्ण ताकदीने:

"अंदर जाइए! खिड़की बंद!"

मग दुसऱ्या मजल्यावरून एक म्हातारी, हातात भाजीची सुरी घेऊनच, वाकून ओरडली, "ए फौजी! बारी बंद करी दईशुं तो तने रस्तो कोण बतावशे?"

खिडकी बंद केली तर तुला रस्ता कोण दाखवणार. मी बांबू हातात धरून तसाच उभा राहिलो. या प्रश्नाला फौजेच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. आणि मी काही म्हणायच्या आत गल्ली सुरू झाली.

"भाई, डाबी बाजू ना जता! गटरनुं ढांकणुं काढेलुं छे!"

मी डावीकडे बांबू टाकला. बांबू खाली गेला तो गेलाच, तळ लागला नाही. एक पाऊल पुढे गेलो असतो तर मीही गेलो असतो. उजवीकडे सरकलो. पुढच्या घरातून एकाने मराठीत हाक दिली, "काका, आता सरळ या, तिथे ओटा आहे, पाय ठेवा." त्यापुढच्या गॅलरीतून तिसऱ्याने सांगितलं, पुढे तार पडली आहे, पण लाइट सकाळपासून बंद आहे, घाबरू नका. प्रत्येक खिडकी आपल्यासमोरचा तुकडा सांगायची आणि मला पुढच्या खिडकीच्या ताब्यात द्यायची. नोकरीभर ज्या खिडक्यांकडे मी जिवाच्या भीतीने पाहिलं, तसल्याच खिडक्या आज मला हाताला धरून नेत होत्या. मी थक्क झालो हे सरळ लिहितो. याहून मोठा शब्द मला येत नाही.

त्या घराच्या जिन्याच्या जाळीला वाहून आलेली मोटार अडकली होती. आत जायला वाट नव्हती. वर गॅलरीत मुलीची आई उभी होती. ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेले, अंगात ताप, कठड्याला धरून कशीबशी उभी. तिच्या सासूने कपडे धुवायचा निळा टब आणला, दोन्ही कड्यांना साड्या बांधल्या, आत गोधडी घातली आणि मुलीला ठेवलं. मी वर बघून म्हणालो, "बेन, हुं सुभेदार शिंदे. अहीं मांजलपूरमां ज…"

तिने माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. नाव ऐकून तिला काही करायचं नव्हतं. टब खाली येऊ लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माथुं साचवजो, भाई." डोकं सांभाळा.

काश्मीरमध्ये आमची गाडी दिसली की आया पोरांना घरात ओढायच्या. त्यांना मी दोष देत नाही. पण इतक्या वर्षांत कुणाचं मूल माझ्या हातात आलं नव्हतं. आणि ही बाई, माझा चेहरासुद्धा तिने नीट पाहिला नसेल, आपलं नऊ दिवसांचं लेकरू साडीने खाली सोडत होती. टब माझ्या हातात आला. मुलीचे डोळे मिटलेले होते, मूठ गालाला लावलेली. वजन काहीच नव्हतं.

बांबू कांबळेला दिला आणि टब खांद्यावर घेतला. परत निघालो. अर्ध्या वाटेवर वरून आवाज आला, "मगर! पेला स्कूटर पासे!"

बुडालेल्या स्कूटरचा आरसा पाण्यावर दिसत होता. त्याच्या शेजारी दोन डोळे आणि नाकाचा उंचवटा. आमच्यापासून एका घराइतकी दूर. मी थांबलो. कांबळे माझ्या आणि तिच्या मधे येऊन उभा राहिला. मी त्याला सांगितलं नव्हतं.

"डूबकी मारी!" कुणीतरी ओरडलं. डोळे दिसेनासे झाले.

गल्लीतला सगळा आवाज बंद पडला. शेकडो माणसं पाण्याकडे बघत होती आणि कुणी खोकतही नव्हतं. मी पाय हलवला नाही. खांद्यावर टबात मुलगी कण्हली, अगदी बारीक. दिवसभरातला तिचा तो पहिला आवाज, असं तिच्या आजीने नंतर सांगितलं.

मग गच्चीवरून एका माणसाचा आवाज आला. "पाछळ गयो! वाडामां गयो! जाओ भाई, जाओ!" मगर मागच्या परसात गेली होती. आणि लगेच दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून, लहानमोठ्या सगळ्यांच्या तोंडून, "जाओ! जाओ!"

आम्ही गेलो. बांबू, दाब, पाय. त्याच खिडक्या, आता उलट्या क्रमाने. तार, ओटा, उघडं गटर. पाणी कमरेला आलं, गुडघ्याला आलं. मुलीचा बाप पळत पाण्यात आला. मी टब दिला आणि म्हणालो, "माथुं साचवजो." आईचा निरोप पोचवायला हवा होता. तो टब छातीशी धरून आत चढला. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं.

जाधवने सेट माझ्यापुढे धरला.

"चार्ली, रोड स्टेटस? ओव्हर."

मी गल्लीकडे पाहिलं. माणसं अजून खिडक्यांत होती. म्हातारी हात हलवत होती, सुरीसकट.

"रोड ओपन, सर," मी म्हणालो. "ओव्हर." पुढे सांगावंसं वाटलं की आज तो आम्ही उघडला नाही. पण रेडिओवर असलं बोलत नाहीत.

मुलगी वाचली. पाणी ओसरल्यावर तिचा बाप युनिटच्या गेटवर येऊन सांगून गेला. त्या पुरात आम्ही संध्याकाळपर्यंत त्याच गल्लीतून आणखी माणसं काढली, आईलाही काढलं. त्या रात्री घरी गेलो तेव्हा सुनंदाने पडदे उघडेच ठेवले होते आणि मी तसाच झोपलो. सकाळी ती म्हणाली, "घोरत होतात." एवढी खूश मी तिला फार दिवसांनी पाहिली.

आरओपीचा एक नियम वर सांगायचा राहिला. रस्ता उघडला की प्रत्येक जवानाने रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं. तोंड जंगलाकडे, बागांकडे, घरांकडे. धोका तिकडून येतो. पाठीमागून गाड्या जातात, बस जातात, कधी लग्नाचं वऱ्हाड जातं. कानाला कळतं. वळून बघायचं नाही. ज्यांच्यासाठी रस्ता उघडला त्यांचे चेहरे बघायला मिळत नाहीत. मला त्या एका दिवशी मिळाले, गल्लीभर.

आता मी निवृत्त आहे. सकाळी चहा घेऊन गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसतो. शाळेच्या रिक्षा जातात. स्कूटरवरून मुली कॉलेजला जातात. जयेशभाई मोरीवरून खाली न बघता जातात आणि मला हात करतात. नाईक दत्तू माने, लान्स नाईक सोपान घाडगे, शिपाई रवींद्र थोरात. तिघांनी कधी वळून पाहिलं नाही. त्यांच्या वाटचं मी बघून घेतो.