तोफेची मूठ

माझा मामा ओतारी. पितळ वितळवून साच्यात ओतायचं आणि त्यातून दाराच्या कड्या, घंटा, नळाच्या तोट्या काढायच्या, हा त्याचा जन्माचा धंदा. त्याची भट्टी आणि माझं शिलाईचं दुकान समोरासमोर आहे, मध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढा रस्ता. मशिनवर बसल्या बसल्या मला त्याचं सगळं दिसतं, आणि दिसलं की बोलल्यावाचून मला राहवत नाही. मामा म्हणतो, शिंपिणीनं शिवावं, नसत्या पंचायती करू नयेत. म्हणू दे.

त्याचं नाव झालं ते मात्र काठीच्या मुठींमुळे. कोपऱ्यावरचा छत्रीवाला छत्र्यांबरोबर काठ्याही विकतो आणि त्यांना लावायला मामाकडून पितळी मुठी करून घेतो. बदकाची मान, घोड्याचं तोंड, कान पाडलेला कुत्रा. गंमत अशी, की या काठ्या घेणाऱ्यांतल्या एकालाही काठीची गरज नसते. चांगले धडधाकट लोक, दोन पावलं टाकली की काठी हवेत फिरवणारे. "माझ्या काठ्या टेकायच्या नसतात, मिरवायच्या असतात," असं मामा स्वतःच ऐटीत सांगायचा. हे पुढं त्याला चांगलंच भोवलं.

भट्टीचा भाता मामी ओढायची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं दांडा हातात घेतला तो सोडलाच नाही. मामा सांडशी घेऊन पितळ वितळवायच्या मुशीपाशी उभा, मामी भात्यावर, नजर जाळावर. जाळाचा रंग तिच्या मनासारखा झाला की ती ओरडायची, "ओता!" आवाज असा, की समोर माझी शिवण वाकडी जायची आणि छत्रीवाल्याला कोपऱ्यावर कळायचं, माल तयार होतोय. मामा तिला लाडानं, आणि थोडं धसक्यानंही, 'तोफ' म्हणायचा. "आमची तोफ आज सकाळपासून धडाडतेय," असं कुणाला सांगायला जावं, तर आतून खरोखरच एक गोळा यायचा. मामाच्या ओतकामाची सगळे तारीफ करायचे. पण ओतायची वेळ कुठली, हे त्याला स्वतःला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

मग मामाच्या मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून मामी सहा महिन्यांसाठी गेली. सहा महिन्यांचं वर्ष झालं. बाळ चालायला लागलं तोवर दुसरं आलं, मग मोठीची शाळा, मग धाकट्याची. भांडण नाही, रुसवाफुगवा नाही. नुसती राहिली. सुरुवातीला मधूनमधून चार दिवस येऊन जायची, घर घासूनपुसून काढायची, मामाला वर्षभराचं ओरडून घ्यायची आणि परत जायची. मग गुडघा दुखायला लागला आणि तेही थांबलं. असं करता करता नववं वर्ष लागलं.

मामानं भट्टीला विजेचा पंखा बसवला. भाता भिंतीला टेकवून ठेवला, कुणाला हात लावू देईना. पंख्याची हवा चांगली येते, पण पंखा ओरडत नाही. मूस उचलली की मामा एक क्षण थांबायचा. मला समोरून दिसायचं ना. तो ऐकायला थांबायचा. मग स्वतःशीच मान हलवून अंदाजानं ओतायचा, कधी लवकर, कधी उशिरा. बदकांच्या मानांना बारीक छिद्रं पडायला लागली आणि छत्रीवाला कुरकुरायला लागला. शेवटी मी रस्ता ओलांडून गेले आणि तोंडावर सांगितलं, "मामा, तुला मामीवाचून करमत नाही. तिला सांग ना, ये म्हणून."

"तिथं तिला नातवंडं आहेत. इथं काय आहे? धूर?" मामा म्हणाला. "आणि यायचं असतं तर आली असती की."

फोनवर काय बोलायचा, तर "जेवलीस का? पोरं काय म्हणतात? बरं. बरं बरं. ठेवतो." ठेवल्यावर मात्र हातातल्या फोनकडे बघत बसायचा. पलीकडेही अगदी हेच चाललं असणार, असं मला वाटायचं. पण मामीला तसं विचारायची माझी छाती नव्हती.

एक दिवस मुलाचा फोन आला, आईचा गुडघा पार कामातून गेलाय, डॉक्टरांनी काठी वापरायला लावलीय. मामानं विचारलं, कसली काठी? अ‍ॅल्युमिनियमची, मूठ प्लास्टिकची. एवढं ऐकलं आणि मामाचं डोकंच फिरलं.

"प्लास्टिक! ओताऱ्याची बायको प्लास्टिक धरून चालणार?" तो माझ्या दुकानात येऊन तणतणला. "मी मूठ करतो तिला. तोफेची करतो."

"मूठ कशाला? जा आणि घेऊन ये तिला."

"आधी मूठ तर होऊ दे."

तेव्हा मला उलगडा झाला. जे सांगायला तोंड उघडत नव्हतं, ते तो पितळेत ओतणार होता. मामीनं मूठ हातात घेतली, की तिला आपोआप सगळं कळणार आणि ती उठून चालू लागणार, असा त्याचा हिशेब. माणसं अशी का असतात, देव जाणे. पितळ वितळवतील, पण दोन शब्द बोलणार नाहीत.

आता ही मूठ मिरवायची नव्हती, टेकायची होती. बदकाच्या मानेवर कुणी अंगाचा भार टाकत नाही. इथं मूठ हातात बसायला हवी, आणि हात तर दुसऱ्या गावी. मामा दोन दिवस काहीच न करता बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीजवळचा भाता पुढं ओढला. मामीनं ओढून ओढून त्याच्या लाकडी दांड्याला खळगे पडले होते, चार बोटांचे चार आणि अंगठ्याचा एक. मामानं त्या दांड्यावर ओली माती थापली, वाळवून ती दोन भागांत सोडवली आणि त्या ठशात मेण ओतलं. मेण निघालं ते मामीची मूठ घेऊनच. मग त्याच मेणाला त्यानं पुढं तोफेचं तोंड कोरलं, मागं गोल बोंड, मधे कडी. चाकं आधी बाजूंना लावली होती. मी म्हटलं, तळहाताला रुततील. माझं म्हणणं त्यानं ऐकलं, हेच नवल. चाकं खाली काठीच्या गळ्याशी गेली, चपटी होऊन.

मेणावर माती चढवली, वाळवली, भाजली, मेण वितळून वाहून गेलं, आत तोफेची पोकळी राहिली. पहिल्यांदा ओतलं ते फसलं. रस तोंडापर्यंत पोचलाच नाही, तोफ अर्धीच झाली. मामानं ती हातात घेऊन बघितली आणि परत मुशीत टाकली. पुन्हा मेण, पुन्हा माती. दुसऱ्या वेळी त्यानं पंखा बंद केला आणि मला हाक मारली, "भाता ओढ. आणि रंग आला की ओरड."

"कुठला रंग?"

"ते मला माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

मी दांडा धरला. माझी बोटं मामीच्या खळग्यांत गेली आणि सैल पडली, तिचा हात माझ्याहून मोठा. ओढून ओढून खांदे भरून आले, जाळ पिवळा झाला, हिरवट झाला, पांढरट धूर निघायला लागला, आणि मला त्यातलं काही म्हणता काही कळेना. मामा मूस धरून उभा. घाम डोळ्यांत जातोय तरी पापणी लवत नाही. आणि एकदम तोच ओरडला, मामीच्या आवाजात, मामीच्याच तालात, "ओता!" आणि ओतलं. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. मामानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

या वेळी तोफ पुरी निघाली. कानस, मग पॉलिश कागद, मग कापडानं घासणं. आठवडाभर त्यानं दुसरं काम घेतलं नाही. छत्रीवाल्यानं दुकानातली सगळ्यांत सरळ काठी आणून दिली आणि तिच्यावर मामानं मूठ बसवली. मी उजव्या हातात धरून बघितली. पितळ असून मऊ लागत होती.

आम्ही दोघं बसनं गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हा माणूस तिथं जाऊन "बरं बरं, निघतो" म्हणून परत येईल, याची मला खात्री होती. सबंध वाटभर त्यानं कापडात गुंडाळलेली काठी मांडीवर आडवी धरली होती. खिडकीकडे बघून मधूनच ओठ हलवत होता. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती.

मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, नीटनेटकं, सगळं जागच्या जागी. नातवंडं शाळेत होती. मामी खुर्चीत बसली होती आणि हळू बोलत होती. मला आधी वाटलं, तिला बरं नाही. तर म्हणाली, "मोठ्यानं बोललं की खालचे वर येतात तक्रार घेऊन. झाली आता सवय." मामानं मान खाली घातली आणि काठी तिच्यापुढं धरली.

तिनं कापड सोडलं. तोफ बघून आधी खुदकन हसली. "ही मी वाटतं?" मग उजव्या हातात मूठ घेतली, आणि हसणं थांबलं. बोटं एकेक करून आपापल्या जागी गेली. तिनं डोळे मिटले.

"हा तर भात्याचा दांडा," ती म्हणाली.

मामाचा चेहरा असा फुलला, की मी म्हटलं, जिंकलं. मामी काठी टेकून उठली, एक पाऊल टाकलं, आणि कळ येऊन गपकन खाली बसली. मुलगा आतून धावत आला. "आई, डावा हात! डॉक्टरांनी किती वेळा सांगितलंय, दुखणारा पाय उजवा, तर काठी डाव्या हातात."

मामा बघतच राहिला. आयुष्यभर त्यानं मुठी ओतल्या, पण आधाराची काठी कुठल्या हातात धरतात, हे त्याला सांगायला कधी कुणी लंगडत आलंच नव्हतं. मामीनं काठी डाव्या हातात घेतली. खळगे सगळे भलतीकडे, बोटं उंचवट्यांवर चढलेली. तिनं मूठ फिरवून उलटी धरून बघितली, तर करंगळीच्या खळग्यात पहिलं बोट अडकलं आणि तोफेचं तोंड तिच्याच पोटाकडे. "आता माझ्यावरच डागायची का हो?" ती म्हणाली. हसलो सगळे, एक मामा सोडून.

मामानं तिचा डावा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. "हा हात मी कधी बघितलाच नाही," तो म्हणाला. "भाता ओढताना हा काय करायचा?"

"याच्यावर तुमचं पोर असायचं," मामी म्हणाली. मुलगा उगाच घसा खाकरून आत गेला.

थोड्या वेळानं मामीनंच विचारलं, "दुसरी करायची, तर हा हात लागेल ना मापाला?"

"लागेल."

"आणि मेण भट्टीवर."

"हो."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. तिनं जणू दार उघडून धरलं होतं, आता मामानं फक्त आत यायचं होतं. आणि आमचा शहाणा काय म्हणाला? "मी मेण इथं घेऊन येईन. तुला त्रास नको." ती काठी घेऊन त्याच्या डोक्यात घालावी, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

"बरं," मामी म्हणाली. प्लास्टिकची मूठ डाव्या हातात धरून ती उठली. "चहा टाकते."

ती दारापर्यंत पोचली. हळूहळू, एकेक फरशी बघत.

"मला करमत नाही," मामा म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की आत मुलाच्या हातून काहीतरी पडलं. "अजिबात करमत नाही. मूस उचलली की तुझी हाक येईल म्हणून उभा राहतो. पहिल्या वर्षापासून. घरी चल."

मामी तिथंच थांबली. वळली नाही. पाठीवरून मला दिसत होतं, ती रडत होती.

"हे तेव्हा म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर धावत आले असते हो. आता गुडघा राहिला नाही."

मामा उठून तिच्याजवळ गेला.

"धावायला कोण सांगतंय?" तो म्हणाला. "हळू ये. मी थांबतो."