केळघर घाटातला करार

भूपाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, गोडोलीच्या पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा घेऊन उभा होतो. आत नीट ऐकू येईना म्हणून बाहेर आलो. फोनवर त्याचा मुलगा, सन्मती. "काका, अण्णा पहाटे गेले. झोपेतच..." एवढंच बोलला. अशा वेळी माणसं चार शहाणे शब्द बोलतात. मी विचारलं, "कालचा पेपर वाचला होता का रे त्यानं?" म्हाताऱ्याला धक्का बसलाय, असं बिचाऱ्या सन्मतीला वाटलं असणार. धक्का बसलाच होता, पण प्रश्न मी पूर्ण शुद्धीवर विचारला होता. आदल्या दिवशीच्या पेपरात पहिल्याच पानावर बातमी होती, की अमेरिका आणि चीन पुन्हा व्यापारकराराला बसले आहेत. भूपालनं ती वाचली होती का, आणि वाचून तो काय पुटपुटला, हे मला कळायला हवं होतं. सन्मती म्हणाला, "माहीत नाही काका." मी डबा गिरणीतच विसरलो आणि सांगलीची गाडी धरली.

पन्नास वर्षांची आमची ओळख. माझे वडील फौजेतले हवालदार. मी बी.कॉम.ला सांगलीला गेलो आणि माधवनगरात भूपालच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. तेव्हा तिथं गिरण्यांच्या भोंग्यावर सगळा गाव उठायचा. भूपाल माझ्याच वर्गात, पण वर्गात कमी आणि वडिलांच्या हळदीच्या पेढीवर जास्त. मी पुस्तकातला माणूस, मान खाली घालून पाठ करणारा. एकदा त्यानं मला ओढत मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्याला नेलं. हळदीचे ढीग लागलेले, व्यापाऱ्यांची ही गर्दी, आणि जो तो हळकुंड उचलतो, कडकन मोडतो, आतला रंग बघतो आणि मग बोली बोलतो. मी म्हटलं, "अरे, पोत्यावर प्रत लिहिलीय की." भूपाल हसला. "गड्या, पोतं कायबी बोलतंय. मोडून बघ की!" त्यानं माझ्या हातात हळकुंड दिलं. मला ते मोडता येईना. त्यावरून पुढं आठवडाभर त्यानं मला पिडलं.

मी पुढं साताऱ्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागलो, तो पेढीवर बसला. हळदीच्या जोडीला सोयाबीनही घ्यायला लागला. मला कायम 'मास्तर' म्हणायचा, प्राध्यापक म्हटलं की त्याची जीभ अडखळायची म्हणे. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण. त्यामुळं साडेसहाला हात धुऊन झाला, की याचा फोन ठरलेला. आमच्याकडं तेव्हा कुठं कुकर लागायचा. मालती, माझी बायको, आतून ओरडायची, "आली बघा तुमची अमेरिका!" कारण त्या दोन देशांनी एकमेकांच्या मालावर जकात चढवायला सुरुवात केल्यापासून आम्हाला दुसरा विषयच नव्हता. खरं सांगू? इतका आनंद मला वर्गातसुद्धा कधी झाला नाही.

माझं म्हणणं असं, की करारात कोण किती माल घेणार हे दुय्यम. करारामुळं अंदाज बांधता येतो. आमच्या एमआयडीसीतला कारखानदार सहा महिन्यांपुढची ऑर्डर निर्धास्त घेऊ शकतो, हीच त्याची खरी किंमत. भूपालला हे बिलकूल पटायचं नाही. "चीननं अमेरिकेचं सोयाबीन घ्याचं कबूल केलं म्हनतोस. कबूल केलं, का उचललं? आमच्या यार्डात कबूल करनारे लय असत्यात मास्तर. ज्येनं माल गाडीत भरला, त्यो व्यापारी." मी म्हणायचो, "अरे, पण त्या कागदामुळं जहाज बंदरातनं निघतं." तो म्हणायचा, "आदीपास्नं निघतच हुतं की! मधी ह्येंनीच अडीवलं, आन आता सोडलं म्हनून फोटो काडत्यात!" शिवाय त्याचं आणखी एक टुमणं होतं. हे दोघं भांडले की न खपलेला माल आपल्या दारात, आणि दोघांचं जमलं की आपलं गिऱ्हाईक गायब. मग करार कुणासाठी? मी चिडायचो, तो हसायचा. फोन ठेवताना दोघांनाही वाटायचं, आज आपण जिंकलो.

मग ते व्याख्यान झालं. सांगलीतल्या एका वाचनालयानं मला बोलावलं. विषय आमचाच होता, दोन महासत्तांचे करार आणि त्यांची खरी किंमत. भूपाल पहिल्या रांगेत, इस्त्रीचं धोतर, काळी टोपी. मुक्काम त्याच्याकडेच होता, त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, दिवस मावळायच्या आत जेवू घालायचं म्हणून स्वयंपाकही करून ठेवलेला. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि हा उभा राहिला. "मास्तर, करार झाला त्या दिशी आमच्या यार्डात काय हाललं, ते सांगा." नेहमीचाच प्रश्न. फोनवर मी शंभरदा उत्तर दिलं असेल. पण समोर शे-दीडशे माणसं होती, माझ्या गळ्यात हार होता... मी माईकवर म्हणालो, "हळकुंड मोडून जगाचा व्यापार कळत नसतो, शेठजी." सभागृह हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या. भूपालही हसला थोडा, आणि खाली बसला. आभाराचं भाषण संपेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती. मी त्याच्याकडं गेलोच नाही. कुठल्या तोंडानं जाणार? स्टँडवर जाऊन साताऱ्याची गाडी पकडली.

आठ महिने फोन नाही. चूक माझी होती, हे मला त्याच संध्याकाळी कऱ्हाड यायच्या आत कळलं होतं. पण माफी मागायची म्हणजे आधी त्याचा प्रश्न बरोबर होता हे मान्य करायचं, असं माझ्या डोक्यात बसलेलं. मास्तरकी हाडात मुरली की माणूस असा होतो. शेवटी आमच्या बायकांनीच आपापसात बोलून डाव रचला. आम्हाला दोघांना न सांगता महाबळेश्वरची सहल ठरवली. सकाळी दारात टॅक्सी आली, मालतीनं मला आत बसवलं, तर पलीकडच्या खिडकीशी भूपाल! मध्ये सुनंदावहिनी. मेढा मागं पडला. केळघर घाट सुरू झाला आणि मालती पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाली, "हे बघा भावजी, त्या दोन देशांनी काय तो गोंधळ घालू दे. तुम्हा दोघांत आजपासून तो विषय बंद. कबूल?"

भूपाल म्हणाला, "कबूल, वैनी. शब्द दिला." मीही कबूल म्हटलं. हात मिळवले. टॅक्सीवाला साक्षीला. सगळे खूश झाले, वहिनींनी डोळे पुसले. आणि मला काय दुर्बुद्धी सुचली, मी म्हणालो, "बघ, भांडण थांबलं की नाही? करार म्हणजे हेच." भूपालनं माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. उत्तर अगदी ओठावर आलेलं मला दिसत होतं. तेवढ्यात वहिनींनी त्याच्या दंडाला चिमटा काढला, "आवं, आत्ताच कबूल केलंसा न्हवं?" त्यानं तोंड मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

करार तंतोतंत पाळला गेला. साडेसहाचा फोन पुन्हा सुरू झाला, पण त्यात काय होतं? गुडघे, साखर, पाऊस, नातवंडांचे मार्क. तासाचा फोन दहा मिनिटांवर आला, मग एक दिवसाआड, मग रविवारी. कुणीही भांडलं नाही, आणि कुणाला काही बोलायचंही राहिलं नाही. कशी शांतता म्हणता... मालती म्हणायची, "किती छान झालं नाही?" मी हो म्हणायचो. दोन वर्षांमागं मालती गेली. भूपाल दिवसभर माझ्याशेजारी सतरंजीवर बसून होता. पाठीवर हात. त्या दिवशी त्यानं "मास्तर, तुजं जहाज निगालं का रं?" एवढं जरी म्हटलं असतं, तरी मी रडायचं सोडून त्याच्या अंगावर धावून गेलो असतो, आणि मला फार बरं वाटलं असतं. पण तो म्हणणार नव्हता. शब्द मालतीला दिला होता, आणि आता त्यातून त्याला मोकळं करायला मालती नव्हती. मोडायला हवा होता तो मीच. मी का मोडला नाही? कारण मोडला असता तर करारानं भांडण थांबतं हा माझा सिद्धांत गेला असता. इतकं क्षुल्लक कारण. लिहिताना लाज वाटते.

शेवटचं बोलणं त्या बातमीच्याच दिवशी झालं. साडेसहाला मीच फोन लावला. पेपर मांडीवर उघडा. ठरवलं होतं, आज म्हणायचं, "भूपाल, तू बरोबर होतास. त्या दिवशी सभेत मी नीचपणा केला. आता सांग, माल उचलतील का?" त्यानं फोन घेतला. "बोल मास्तर." मी म्हणालो, "पाऊस काय म्हणतोय?" तो म्हणाला, "बरा हाय. तुमच्याकडं?" मी म्हटलं, "इथंही बरा आहे." मग आम्ही दोघंही काही वेळ फोन कानाला लावून नुसते बसलो. त्याचा श्वास ऐकू येत होता. तो वाट बघत होता, हे मला आता कळतं. की तेव्हाही कळलं होतं, कोण जाणे. "बरंय मग," म्हणाला, आणि ठेवला.

तो गेल्यावर मला बोलायला कुणी उरलं नाही. साताऱ्यात ओळखी आहेत, फिरायला येणारे निवृत्त सुभेदार आहेत, पण ते माझं सगळं लगेच मान्य करतात. फार एकटं वाटतं हो. पंधरा दिवसांनी मी सन्मतीला भेटायला म्हणून यार्डात पेढीवर गेलो. सौदा नुकताच संपला होता, चार-पाच व्यापारी चहाला टेकलेले. सन्मतीनं ओळख करून दिली, तसे एक जण ताडकन उठले. शेजारच्या पेढीचे इराप्पा, कर्नाटकच्या सीमेकडचे, साठीचे गृहस्थ. "तुमीच व्हय ते मास्तर? बसा बसा. आवं, तुमच्यापायी अण्णांनी आमचं लय डोस्कं खाल्लंय!"

मला वाटलं, भूपाल माझ्यावरचा राग इथं काढत असणार. म्हटलं, "काय म्हणायचा?"

"आता काय सांगू! चार-पाच वरसं झाली बगा. आमी आपलं म्हनायचो, ह्या करारात काय दम न्हाई, नुसता कागद हाय. की अण्णा उसळायचे. मास्तर हितं असते तर असं म्हनले असते, मास्तर तसं म्हनले असते. मी एकदा इचारलं, 'आवं अण्णा, तुमी तर आमच्याच मताचं हुता!' तर म्हनले, 'मास्तर हितं न्हाई रं. त्येची बाजू कुनीतर धराय पायजे का नगं?'"

मी काही तरी बोलायला हवं होतं म्हणून म्हटलं, "पण तुमचंच बरोबर आहे. मला भूपालला तेच सांगायचं होतं. करार झाला म्हणून काय हलतं? माल तर आधीपासून जातच असतो." मला वाटलं, सगळे माना डोलावतील. इराप्पांनी कप खाली ठेवला. "तसं न्हवं सर. आमाला बी शेवटी अण्णांचं पटलं. अण्णा काय म्हनायचे, करार काय देतो ते इचारू नगा. उद्या गाडी येनार का न्हाई ह्याचा भरवसा नसला, तर आज खळ्यावर माल घ्याय जानार कोन? त्यो भरवसा दिसत न्हाई, म्हनून त्येला किंमत न्हाई व्हय?" बाकीचे म्हणाले, बरोबर हाय. तीस वर्षं शिकवून मला हे इतकं सोपं मांडता आलं नव्हतं. माझ्या बाजूचा इतका चांगला वकील मी कधी ऐकला नाही. मी भूपालचे मुद्दे आठवून आठवून काढले, अडवलेलं जहाज, फोटो, पळालेलं गिऱ्हाईक... एकेकाला इराप्पांनी भूपालचंच उत्तर दिलं. शेवटी ते हसून म्हणाले, "आता अण्णांची जुनी बाजू लंगडी पडली बगा. ती कोन धरनार?"

"मी," म्हटलं.

तीन आठवडे झाले. दर बुधवारी सकाळच्या गाडीनं सांगलीला जातो, सौदा उठला की पेढीवर बसतो आणि भूपालच्या बाजूनं जीव तोडून भांडतो. अजून एकदाही जिंकलेलो नाही.