नोंग सेवेरोची माती

बुकिदनोनच्या पठारावर केळीला मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, लागली की चौकशी होत नाही, तोड होते. सभोवतालची सगळी केळी कापायची, त्यांवर भाताचा तूस पसरून पेटवायचा आणि ती जमीन काही वर्षे तारेत बंद करायची. हा नियम मळ्यांच्या कंपनीने केला. तो पाळायला लावणाऱ्यांच्या खांद्यावर बंदुका असतात. रोगाची बुरशी मातीत राहते हे खरे आहे. तिच्यासाठी बंदूक का लागते, हे मात्र मातीच्या तपासणीतून कळत नाही.

क्रिसांता बालुगो याच पठारावरची. तिची आई कंपनीच्या शेडमध्ये वीस वर्षे केळी धूत होती. डॉक्टरेटनंतर दोन वर्षांच्या संशोधनासाठी ती आमच्या प्रयोगशाळेत आली. चिमूटभर मातीतल्या साऱ्या सूक्ष्मजीवांचा डीएनए एकत्र वाचून, तिथे कोण कोणाच्या सोबतीने जगते हे ती शोधत असे. तिचा सारा शोध सेवेरो लुमावाग या म्हाताऱ्याच्या दोन हेक्टरांभोवती फिरत होता. आसपासचे मळे मेले होते. वडीलधारे म्हणून सगळे ज्यांना नोंग म्हणत, त्या सेवेरोंची केळी हिरवी उभी होती. ते फवारणी करत नसत. केळीखाली शेंगांचे वेल वाढवत आणि कापून तिथेच कुजवत.

नमुन्यांच्या पिशव्यांवर आम्ही आकडे घालतो. क्रिसांताने नावे घातली, कारण शेतकऱ्यांनीच तसा आग्रह धरला होता. "आकडा कैद्याला असतो, दाय," पोरीला हाक मारावी तसे नोंग तिला म्हणाले होते. "माझ्या मातीला माझं नाव लाव." तिला ते न्याय्य वाटले. मलाही.

नोंगांच्या मातीत बुरशी सापडली, आणि भरपूर सापडली. तिला मुळांपर्यंत पोहोचू न देणाऱ्या जिवाणूंची दाट वस्तीही तिथे असल्याची चिन्हे होती, परंतु तो भाग अजून पुरा व्हायचा होता. शेतकरी आणि मळेवाले यांच्या बैठकीत क्रिसांताने हाती होता तो तक्ता दाखवला: बुरशी कोणाकोणाच्या शेतात आहे. कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

चौथ्या दिवशी सकाळी नोंगांची सून टिनिंग हिचा फोन आला. मोटारसायकलवरून क्रिसांता आणि मी पोहोचलो तेव्हा चाळीसएक केळी आडवी झाली होती. नोंगांचा मुलगा दान्यो बांधावर बसून तुटलेले दात तळहातावर थुंकत होता. नोंग कोयता घेऊन उभे होते.

"म्हाताऱ्या, टाक तो. वय बघून सांगतोय," कंपनीच्या पहारेकऱ्यांचा नायक आर्सिंग म्हणाला.

"माझं वय बघतोस, तर झाडंही बघ. एक तरी पिवळं दाखव."

"झाडं कशाला बघू? कागदावर आलंय."

क्रिसांता मध्ये शिरली. "तो तक्ता अर्धा आहे. ही माती रोगाला अडवतेय. जाळू नका ती."

आर्सिंगने फोन तिच्यापुढे धरला. "मॅम, हे लुमावागचं नाव कुणी लिहिलं? माझ्या आजीनं?"

"मी लिहिलं."

नोंग तिच्याकडे वळले. "तू, दाय?"

"बुरशी आहे, नोंग. पण तिला..."

पुढचे शब्द केळी तोडणाऱ्या यांत्रिक करवतीच्या आवाजात गेले. नोंगांनी कोयता तिच्यावरच चालवला. तिने आडव्या धरलेल्या डाव्या हाताची दोन बोटे तुटून पाचोळ्यात पडली. त्याच क्षणी आर्सिंगने नोंगांच्या मांडीत गोळी घातली. ते कोसळल्यावर दोघा पहारेकऱ्यांनी बंदुकीचे दस्ते त्यांच्या बरगड्यांवर आणि तोंडावर हाणले. ते हलायचे थांबले, तरी मार थांबला नाही. टिनिंग त्यांच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा तिचेही मनगट मोडले. आम्ही त्यांना ट्रकमध्ये चढवत होतो तेव्हा मागे तूस पेटला होता.

डॉक्टरबाईंना, म्हणजे क्रिसांताला, वाचवण्यासाठीच गोळी झाडली, असे आर्सिंगने पोलिसांना सांगितले. क्रिसांताची जबानी त्याच्याशी जुळली असती तर नोंग खुनाच्या प्रयत्नासाठी तुरुंगात गेले असते. आपण पाय घसरून कोयत्यावर पडलो, असे तिने लिहून दिले. आकड्यातला शेवटचा दशांशही न बदलणारी ती बाई. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. त्या सहीचे समर्थन मी करत नाही. ती मागेही घेत नाही.

नवव्या दिवशी नोंग बोलू लागले. क्रिसांता इस्पितळात त्यांच्या खाटेशी उभी होती.

"खोटं का सांगितलंस?"

"तुम्हाला आत घातलं असतं."

"आणि माती? तिचं तरी खरं सांग."

"वरची वीतभर जळाली. खाली काय जगलंय ते खणल्याशिवाय कळणार नाही. आता तिथे तार आहे, नोंग. पहाराही आहे."

"टिनिंगचा हात बरा होऊ दे. ती खणेल." त्यांनी भिंतीकडे तोंड केले. "तू तारेबाहेर उभं राहायचं. आणि काही लिहायचं नाही."

क्रिसांता हो म्हणाली.