रोज एक ओळ

काल कपाट आवरताना आईचं जुनं बायबल उघडलं आणि आत ठेवलेल्या कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला. क्षणात मी दहा वर्षांची झाले, औरंगाबादच्या छावणीतल्या आमच्या घरात.

आई टायफॉईडनं दवाखान्यात होती. मी बोलताना अडखळायचे, वर्गातल्या मुली हसायच्या. तरी मी देवाला शब्द दिला, आई घरी आली तर घरच्या सकाळच्या प्रार्थनेत बायबलमधलं शास्त्र मी मोठ्यानं वाचीन. आई आली, पण अडखळायच्या भीतीनं मी प्रार्थनेत वाचायचं रोज टाळू लागले. शेवटी एका सकाळी रडत रडत बाबांना सगळं सांगितलं.

बाबांनी विचारलं, "किती वाचीन म्हणाली होतीस?"

"ते नाय सांगितलं."

"मग रोज एक ओळ वाच. देवाला कुठं घाई हाय?"

पहिल्याच शब्दाला जीभ अडली. कुणी शब्द पुरवला नाही. अशक्त आई भिंतीला टेकून थांबून राहिली. स्टोव्हवरचा चहा उतू गेला, तरी कुणी उठलं नाही. ओळ संपली तेव्हा आई हळूच "आमेन" म्हणाली, आणि मी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तेव्हा वाटलं, मी देवाला दिलेला शब्द पाळला. आज वाटतं, त्या सकाळी मला पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.