हात तेवढे ठेवले

मुदतीआधीच रिटायर झाल्यावर मी मोबाईलवर अल्बम करायला शिकले. जुने फोटो स्कॅन करायचे, डाग पुसायचे, मागं रंगीत कागद टाकायचा, कडेला चित्रं चिकटवायची. तयार चित्रं तरी कसली, समुद्राचे शिंपले अन् गुलाबी फिती. आमच्या घरात समुद्र कुणी बघितलाय? मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात फोटोच मुळात मूठभर. त्यावर मी फितींऐवजी घोंगडीचा काठ स्कॅन करून लावला. लई छान दिसला, हे माझं मीच सांगते.

हे दादाला कळलं. त्याच्या पोराचा साखरपुडा ठरला होता, हॉल घेतला होता, हॉलमध्ये मोठा पडदा होता. "सगळ्या घराण्याचा अल्बम कर," म्हणाला. "पण मेंढरं नकोत, घोंगडी नको. गावची, शेंद्र्याची जमीन कंपन्यांत गेली, आपण आता शहरात, सिडकोत राहतो. त्यांच्यापुढं जरा शोभेल असं पाहिजे." जसं काही मुलीकडचे राजघराण्यातले होते. तेही आमच्यातलेच, आमच्याआधी शहरात आले एवढंच.

सगळ्यात चांगला फोटो आत्याचा होता. बहात्तरच्या दुष्काळात ती चाऱ्यासाठी मेंढरं हाकत दौलताबादेच्या अंगाला गेली होती. तिथं किल्ल्याखाली फोटो काढणाऱ्या एकानं बकरीच्या दुधाच्या बदल्यात तिचा फोटो काढून दिला. मागं मेंढरं, कडेवर दादा, एका हातात काठी, पाठीवर घोंगडीत बांधलेली मी. माझं नुसतं टक्कल दिसतं. आई मला जन्म देऊन गेली होती. आत्याला नवऱ्यानं टाकलेलं, म्हणून आम्ही दोघं अन् मेंढरं तिच्या गळ्यात पडलो. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही.

मी तो फोटो साफ करत होते तेव्हा आत्या शेजारी येऊन बसली. बोटानं मोठा करून दाखवला तर कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे त्या मोठ्या पडद्यावर दिसंल व्हय? टाकल्यापासून कुठल्या लग्नात मला पुढं नाय बोलावलं. निदान फोटोत तरी पुढं बसू द्या." तिनं त्यासाठी पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

दादाला ते पान दाखवलं. त्याचं तोंड आंबट झालं. "आत्याला काढ. टाकलेली बाई शुभकार्यात पडद्यावर कशाला? वर ती काठी."

"मग तू कुणाच्या कडेवर बसणार? हवेत?" मी म्हणाले.

तो मान खाली घालून पायात चप्पल सरकवायला लागला. मला वाटलं, लाजला. कुठला लाजतोय. अल्बमचा पेनड्राईव्ह घेऊन गेला.

साखरपुड्याला आत्या हिरवं लुगडं नेसून आली. तिला मागच्या रांगेत बसवलं, मी शेजारी बसले. नवरीची आजी कूलरच्या वाऱ्यासाठी मागं येऊन आमच्याच रांगेत टेकली. दिवे मालवले, अल्बम सुरू झाला. माझा घोंगडीचा काठ गेला होता, तिथं गुलाबी फिती आल्या होत्या. पुढं दौलताबादचं पान आलं.

मेंढरं नव्हती, बाग होती. काठीच्या जागी गुलाबांचा गुच्छ होता. आत्याच्या धडावर आमच्या आईचं तोंड बसवलं होतं, तिच्या लग्नातल्या फोटोतलं, बाशिंग पुसून. मला जन्म देताना जी गेली तिच्याच पाठीवर मी बांधलेली. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'आईची माया'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं रुमालानं डोळे टिपले, मेल्यानं.

दादानं हे फ्लेक्सच्या दुकानातून करून घेतलं होतं, पण तिथल्यानं हात मात्र बदलले नव्हते. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, जुन्या बाया काढायच्या तसलं, ठिपक्यांच्या रांगा. नवरीच्या आजीनं पडद्याकडं बघितलं, मग आत्याच्या मांडीवरच्या हातांकडं बघितलं. वाकून हळूच म्हणाली, "बाई, ते हात तुमचे हायेत ना? मीबी मेंढरामागं हिंडलेय. मला कळतंय."

 मी मनात म्हटलं, बोल आता आत्या. एकदा तरी बोल.

आत्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नाय वो," ती म्हणाली. "माझे कुठले? गोंदण समद्यांचंच सारखं आसतं." पोराची सोयरीक मोडायला नको, एवढंच तिच्या डोक्यात. मग जेवणं होईपर्यंत तिनं हात बाहेर काढले नाहीत. म्हणाली, भूक नाय.

दादाला मी जाब विचारला. म्हणाला, "आईचा एक तरी चांगला फोटो नको का? आत्याला काय कळतंय त्यातलं?" त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं. आत्यानंच माझा हात धरला.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. नळाला पाणी नव्हतं, अंघोळ घालायला टँकरची वाट बघावी लागली. तिला जाळून घरी येते न येते तोच दादाचा फोन. "आत्याचा एक फोटो पाठव ना. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाय. पुढारी येणार आहेत. जरा मोठ्या साईजमधला बघ."

आता त्याला आत्या पाहिजे होती, तीही चौकात. मी दौलताबादचा फोटो उघडला, हात तेवढे कापून घेतले अन् पाठवून दिले.

लगेच फोन आला. "हे काय पाठवलंस? तोंड कुठंय?"

"तोंड तुला नको होतं," मी म्हणाले. "हात तेवढे ठेवले होतेस, तेच पाठवलेत."

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. आत्याच्या जागी समईचं चित्र होतं. खाली 'शोकाकुल' लिहून दादाचा फोटो होता, समईपेक्षा मोठा. अख्खा फोटो माझ्याकडं आहे, घोंगडीच्या काठासकट. त्यानं तो परत मागितला नाही.