उंदरांना ऐकू जाईल असं

तुमच्याकडेही उंदरांचा विषय निघाला की आवाज खाली येतो का?

बाबा ज्या टेम्पोतून लूमवर सूत पोचवायचे, त्याचं मी आता फिरतं घर केलंय. आज सकाळी वज्रेश्वरीला निघायचं, तर उंदरांनी आतली गादी कुरतडलेली. तारेच्या घासणीने त्यांची आत शिरायची भोकं बुजवता बुजवता मी म्हणालो, "आज पिंजराच आणतो."

आई खेकसली, "हळू बोल. त्यांना कळतं."

मग बाबा करायचे तेच तिने केलं. उंदरांनी आपणहून दुसरं घर बघावं म्हणून टेम्पोजवळ जाऊन मोठ्याने म्हणाली, "उद्या गाडी भंगारात देतोय."

बाबा गेल्यापासून हे वाक्य ऐकलंच नव्हतं.

थोड्या वेळाने बघतो तर आई टेम्पोच्या दारावर हात ठेवून हळूच म्हणत होती, "तू नको गं मनावर घेऊ."